चौथ्या पानावरची उलटी चांदणी

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आमच्या दैनिकाच्या पुरवणीत, चौथ्या पानावर, टॅरोचे, म्हणजे भविष्य पाहायच्या पत्त्यांतले, एक कार्ड सुलट छापले गेले. ते उलटे छापायचे होते. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि पुरवणीचे काम माझ्याकडे होते.

टॅरोचे सदर माझ्या वहिनी लिहीत. त्या पुंडलिकनगरात राहत. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी रंगांना हात लावला नव्हता. या कार्डांसाठी लावला. विकतच्या कार्डांवरची माणसे त्यांना परकी वाटली, म्हणून त्यांनी सगळी स्वतः काढायला घेतली. ताऱ्याच्या कार्डावर पाण्याकाठी गुडघा टेकलेली बाई दोन सुरया रिकाम्या करते, एक पाण्यात, एक जमिनीवर. वहिनींनी तिला नऊवारी नेसवली, हातात घागरी दिल्या आणि मागे जायकवाडीचा जलाशय काढला. वर एक मोठी चांदणी, भोवती सात लहान. कार्डाचे नाव ठेवले ‘चांदणी’. वीज पडलेल्या मनोऱ्याच्या कार्डानंतर हे कार्ड येते. अर्थ असा, की पडझड झाली, आता धीर परत येतो.

संपादकांना सदर फारसे पटले नव्हते. “राशिभविष्य आहे की आपल्याकडं,” ते म्हणाले. “महिनाभर बघू. कुणी विचारलंच नाही तर बंद.”

वहिनींना मी ते जसेच्या तसे सांगितले. “बंद झालं तर कार्डं काढायचं कारणच जाईल, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “अजून निम्मी राहिलीत.”

पहिले तीन रविवार एकही फोन आला नाही. चौथ्या रविवारसाठी त्यांनी चांदणी उलटी दिली. मजकुरात लिहिले होते: कार्ड उलटे आले की पाणी घागरीत परत जाताना दिसते, सगळ्यांना वाटून झाले, आता थोडे स्वतःसाठी ठेवा.

आमच्या कचेरीत उलटा फोटो ही सर्वांत मोठी नामुष्की. एका पुढाऱ्याचा फोटो पूर्वी तसा गेला होता आणि ते पान ताकीद म्हणून पाने लावण्याच्या खोलीत चिकटवलेले होते. मी पान पाहून दिल्यावर पाने लावणाऱ्याने शेवटची नजर टाकली आणि बाईला सरळ केले.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, कार्ड वाचता येत नाही ते ठीक. वर-खाली तरी कळतं ना?”

सोमवारी पाने लावणाऱ्याला विचारले. “बाई डोक्यावर उभी होती, साहेब. म्या वाचवलं तुम्हाला,” तो म्हणाला.

त्याच दुपारी फोन सुरू झाले. पहिला बजाजनगरच्या एका कामगाराचा: लिहिलंय उलटं, छापलंय सुलट, खरं काय धरायचं? दुसरा पैठणच्या एका बाईंचा. “म्या पेपरच उलटा धरला. पाणी बराबर घागरीत गेलं, पण वाचता काय येईना. लई येळ फिरवू लागले. सून हसायली. थोडं स्वतःसाठी ठेवा म्हणलंय, ते खरं हाय का नाय, एवढंच सांगा.”

“व्हय, तेच खरं,” मी सांगितले.

“मग सुनेला पण सांगा. देते तिच्याकडं.”

संध्याकाळपर्यंत फोन येत राहिले. संपादक खोलीतून बाहेर आले. “कशाचे फोन आहेत?”

“चांदणीचे. सुलट छापली म्हणून.”

त्यांनी टेबलावरची पुरवणी उचलून चौथे पान पाहिले. “मग पुढच्या रविवारी उलटी छापा. खाली तसं लिहा. आणि वहिनींना सांगा, सदर चालू राहील.”

मी फोन केला तेव्हा वहिनी तिळाचे लाडू वळत होत्या. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “सूर्य अर्धा रंगवून झालाय. आणि त्या पोराला रागावू नका. लाडू पाठवते त्याला.”

पुढच्या पुरवणीचे पान लावताना पाने लावणाऱ्याने मला दोनदा बोलावून विचारले. कार्डाखाली ‘चित्र उलटेच आहे’ अशी ओळ टाकली. पान छापखान्यात गेल्यावर तिथल्या फोरमनचा फोन आला. बाई उलटी आहे, मशीन थांबवू का, असे त्याने विचारले. मी नको म्हणालो.

रविवारी चांदणी उलटी छापून आली. त्याच्या पुढच्या रविवारी सूर्य छापला, सुलट.