दारालगतचा दांडा

नंदनवन वस्तीतल्या एका सभागृहात आम्हा हौशी मंडळींनी बनवलेल्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं होतं. माझ्या डिझेल इंजिनापाशी गर्दी होती. जाळ्या, वायपर, दारालगतचे केसासारखे बारीक दांडे, सगळं हुबेहूब. एक म्हातारा मात्र टेबलाभोवती नुसता येरझारा घालत होता. थांबायचा, वाकायचा, पुन्हा चालू लागायचा. मलाही बसवेना. हा हात लावणार, असं वाटतच होतं, आणि त्याने लावलाच. दोन बोटांत दांडा धरला, नकळत एक पाय उचलला, आणि दांडा तुटला.

"अहो काका, काय केलंत हे!" मी ओरडलोच.

तो तुटक्या दांड्याकडे पाहत म्हणाला, "डायवर होतो मी. असल्याच दांड्याले धरून जिंदगीभर चढलो गा. कधी हालला नाई."

मग दांडा माझ्या तळहातावर ठेवून तो निघून गेला.

चिकटवायला थेंबभर गोंद पुरेल. पण गोंद हातात घेतला की मीच येरझारा घालू लागतो. त्या दाराखाली कोणीतरी एक पाय उचलून अजून उभं आहे, असं वाटत राहतं.