उटकटारीची मुळी

आम्ही सॅपर. सुरुंग पेरायचे आम्हीच, काढायचेही आम्हीच. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत एकाने विचारलं, "मग पेरता कशाला?" म्हटलं, हे आपण दिल्लीला विचारा.

त्या हिवाळ्यात आमची तुकडी जैसलमेरच्या पुढे वाळवंटात होती. फौजा सरहद्दीवरून मागे आल्या होत्या, सुरुंग जमिनीतच होते. साफ केलेल्या वाटेला दोन्ही बाजूंनी पांढरी टेप. टेपबाहेर जायचं नाही, हा पहिला नियम. मी सुभेदार. माझ्या हाताखाली नाईक दत्ता, धायरीचा. कामाला चोख, तोंडाचा फटकळ. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रजेवर निघणार होता.

आदल्या दुपारी त्याला टेपपलीकडे एक काटेरी झुडूप दिसलं. चेंडूसारखं गोल, निळसर फूल.

"साहेब, उटकटारी!"

"इथं कुठली? ती आपल्या माळावरची."

"पान खालून पांढरं हाय, बघा की. तीच!"

अडलेल्या बाईच्या केसांना धायरीत उटकटारीची मुळी बांधत. बाई लवकर मोकळी होते म्हणत. पहिल्या खेपेला दत्ताची बायको अडली होती आणि मूल गेलं होतं. गावच्या माळावर आता प्लॉट पडले होते, तिथे मुळी मिळेना.

"उद्या तो पट्टा साफ करू. मुळी पोस्टाने पाठवतो."

"पोस्टानं? तवर बारसं हुईल, साहेब."

"टेपबाहेर जायचं नाही. ऑर्डर आहे."

"येस सर."

चहाची सुट्टी झाली. मी चहाचा मग तोंडाला लावला आणि स्फोट झाला. दत्ता टेपच्या आत आडवा पडला होता, हात तेवढे बाहेर. मुळी ओढताना उजवं कोपर सुरुंगावर टेकलं होतं. मी वायरलेस उचलला.

"एक कॅज्युअल्टी. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"कंडिशन सांगा. ओव्हर."

मी वायरलेस खाली ठेवून त्याच्यापाशी गेलो. मुळी त्याच्या डाव्या मुठीत होती.

पार्थिव घेऊन मीच धायरीला गेलो. बातमी ऐकून त्याच्या बायकोला कळा लागल्या होत्या. ती पुन्हा अडली होती, दवाखान्याची गाडी यायची होती. मी मुळी दत्ताच्या आईच्या हातावर ठेवली. तिने ती नखाने खरवडली, हुंगली.

"आपलीच हाय," म्हणाली आणि सरळ आत गेली.

मुलगी झाली. तिचं रडणं अंगणात ऐकू आलं तेव्हा आम्ही दत्ताला खांद्यावर घेत होतो. इतकी वर्षं फौजेत काढली, पण त्या अंगणात मात्र मी ढसाढसा रडलो.

आता ती कॉलेजात जाते. वाढदिवसाला माझ्या पाया पडायला येते.

"काका, बाबा इतके शिस्तीचे. मग टेपबाहेर हात कशाला घातला?"

"फूल ओळखायला," मी सांगतो.

मुळी कुणासाठी हवी होती, ते तिच्या आजीने तिला सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.