टिचकी म्हणजे मार नव्हे

"एमआरआयमध्ये गाठबीठ काही नाही," अकोल्याचे न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर, म्हणाले. मला हायसे वाटले. तेवढ्यात त्यांनी विचारले, "डोक्याला कधी मार लागला होता?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

मी खोटे बोललो नव्हतो. आमच्या वरवट बकाल गावच्या कबड्डीत मार म्हणजे रक्त आले पाहिजे, टाके पडले पाहिजेत. बाकी सगळी टिचकी. मी कोपऱ्यावर खेळायचो. चढाईवाल्याच्या घोट्यावर झेप घ्यायची, म्हणजे त्याचा गुडघा आपल्या कानशिलावर बसणारच. डोळ्यांपुढे अंधारी यायची. आमचे प्रशिक्षक, ज्यांना सगळा संघ भाऊ म्हणायचा, कडेवरून ओरडायचे, "टिचकी लागली बे, ऊठ!" तोंडावर पाण्याचा हबका बसला की मी उठायचो. एका अंतिम सामन्याचा उत्तरार्ध मला आठवतच नाही. जिंकलो होतो म्हणे.

माझी बायको सुषमा शेजारी बसली होती. तिला राहवले नाही. "साहेब, यायले गुडघे लागत डोक्याले. हे त्याले टिचकी म्हनतेत. गुडघ्यानं कोनी टिचकी मारते काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

मी शेगावच्या शाळेत गणित शिकवतो. गेल्या हिवाळ्यात फळ्यावर उदाहरण सोडवताना मधेच थांबलो. पुढची पायरी सुचेना. मुलांना वाटले, सर मुद्दाम थांबले. मग असे वरचेवर होऊ लागले. डोके दुखे, झोप लागेना, उठसूट चिडचिड. चष्म्याचा नंबर बदलून पाहिला, पित्ताच्या गोळ्या घेतल्या, कोणी सांगितले म्हणून नाकात तूपही सोडले. शिकवण्याची नोकरी, डोकेच गेले तर वर्गात उभा कशाच्या जोरावर राहणार, ही भीती मात्र कोणाला सांगितली नाही.

डॉक्टरांनी समजावले ते असे. कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हादरतो. रक्त येत नाही, फोटोत बहुधा दिसतही नाही. एक हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर नुकसान वाढते. माझा त्रास त्यातलाच असावा. पुढे किती वाढेल, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

नंतर न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट झाली, म्हणजे स्मरणशक्तीची आणि लक्षाची परीक्षा. साधे शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. आयुष्यभर दुसऱ्यांना पेपर देणारा मी घामाघूम झालो.

गावी गेलो तेव्हा मोठ्या कळकळीने भाऊंकडे गेलो. वाटले, त्यांना हे सांगावे, म्हणजे ते पोरांना जपतील. भाऊ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मले माहीत हाय. आपल्या पप्प्याले लागलं होतं, तवाच डॉक्टरनं सांगतलं."

पप्प्या म्हणजे त्यांचा मुलगा, माझ्यासोबत खेळायचा. त्याने अभ्यासासाठी खेळ सोडला, असे भाऊंनी आम्हाला सांगितले होते. त्यानंतर कित्येक हंगाम मी कोपऱ्यावर होतो आणि भाऊ मला "ऊठ" म्हणत होते.

"भाऊ, मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू खेळला असता काय?"

"नाई."

"तेच तं," भाऊ म्हणाले, आणि चहा घेतो का म्हणून विचारले.

चहा न घेताच मी निघालो. रस्त्यात मला रडू कोसळले. बापापेक्षा जास्त मानले होते मी या माणसाला!

आता गोळ्या आहेत, झोपेची वेळ पाळतो, धडा आदल्या दिवशी लिहून काढतो. सुषमा त्या दिवशी बोलली नसती तर मी अजून पित्ताच्याच गोळ्या खात असतो. तुम्ही खेळत असाल तर डॉक्टरांना "मार नाही" असे सांगून मोकळे होऊ नका. अंधारी आली, उलटी झाली, सामना आठवत नाही, जे झाले ते तसेच सांगा. आमच्या शाळेचा कबड्डी संघ माझ्याकडे आहे, त्यात अंधारी आलेल्याला मी लगेच बाहेर बसवतो. पोरे तोंड वाकडे करतात, करू देत.

डॉक्टर म्हणतात, राग येणे हा या आजाराचाच भाग. असेल. चिडचिड औषधाने उतरलीही आहे. पण भाऊंवरचा राग आजाराचा नाही. तो माझा आहे, आणि त्यावर मला औषध नको.