वेल्दात्रिना नावाची बाई

आमच्या मानाबी प्रांतात मुलांची नावं कशावरूनही ठेवतात. एलिओदोरो अंचुंदियाने थोरल्या मुलीचं नाव मक्यावर फवारायच्या औषधाच्या पिंपावरून घेतलं, वेल्दात्रिना. पुढे मुलगा झाला तेव्हा त्याच पिंपावरचा दुसरा ठळक शब्द उचलला, आहितेसे. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'वापरण्यापूर्वी हलवा'. हा भाऊ सहसा जागचा हलत नाही.

वेल्दात्रिनाबाईंनी बसथांब्याजवळ खाणावळ काढली. मासे घातलेला शेंगदाण्याचा रस्सा, भात, तळलेली कच्ची केळी. दारावरच्या पाटीवर स्वतःचं नाव. त्या नावाने आजवर कोणाचं पोट बिघडलं नाही.

एका दुपारी ग्वायाकिल शहरातून औषध कंपनीचा वकील आला. त्याने रस्सा खाल्ला, आणखी एक वाडगा मागितला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाई, ही पाटी उतरवावी लागेल."

"का? मीठ जास्त पडलं?"

"रस्सा उत्तम आहे. पण वेल्दात्रिना हे आमच्या रसायनाचं नोंदवलेलं नाव आहे. औषधं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, आतला घटक आमचा."

"मग मी आतली की बाहेरची?"

वकिलाने टाय सैल केला. हे नाव कोणीही कशालाही लावू लागलं तर ते कंपनीच्या हातून जाईल, असं त्याने समजावलं.

"आणि माझ्या हातून गेलं तर? बापाने मला दिलेली ही एकच वस्तू, साहेब. जमीन त्याने कोंबड्यांच्या झुंजीत घालवली."

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी जेवता जेवता हे ऐकत होतो.

तिसऱ्या वाडग्याला वकील नरमला. पाटी ठेवा म्हणाला, पण नावाशेजारी नोंदणीची खूण म्हणून वर्तुळात 'आर' हवा, आणि नाव नुसतं घ्यायचं नाही, पुढे 'मार्क' लावायचा.

आहितेसे खुर्चीतूनच ओरडला, "ए वेल्दात्रिना मार्कच्या ताई, मला पण वाढ!"

"तू आधी हल, मेल्या!"

रंगाऱ्याने तो 'आर' नावापेक्षा मोठा काढला. तो इतका शोभला, की न्हाव्याने आपल्या पाटीवर तसाच काढून घेतला. मग शवपेट्यांच्या दुकानदाराने. मग पाद्रीबाबांनी संत इसिद्रोच्या नावाशेजारी. आर नसलेलं दुकान गावात कच्चं दिसू लागलं. वकील धावत आला आणि चौकात उभा राहून ओरडला, "हे सगळे खोटे आहेत! खऱ्या फक्त या बाई!"

त्या दिवशी बाईंनी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर काही वर्षांनी तो पुन्हा आला, केस पिकलेले. रस्सा खाता खाता म्हणाला, "बाई, तो आर आता पुसलात तरी चालेल. त्या रसायनावर बंदी आली. कंपनीने नाव सोडून दिलं."

"सोडून दिलं? मग आता ते कोणाचं?"

"कायद्याने म्हणाल तर कोणाचंच नाही."

बाई एप्रनला हात पुसत टेबलापाशी आल्या. "कोणाचंच नाही? मग मी काय मेले?"

बाईंनी वकिलासमोरचा अर्धा भरलेला वाडगा उचलला आणि आत नेला.