हसणारी माणसं दिसत नाहीत

माझा नातजावई अमेरिकेचा. दुपारी जेवून तो सोफ्यावर बसतो आणि विलायतेच्या जुन्या विनोदी मालिका बघतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या. तो आणि माझी नात तीन महिने लालबागला आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा मीही त्याच्या शेजारी बसून त्या बघितल्या. दुसरं काम नव्हतं. चाळ पाडून टॉवर झाल्यापासून दार उघडं टाकून बसायची सोय राहिलेली नाही.

इंग्रजी मला येत नाही, माझी शाळा चौथीपर्यंत. पण मला बाकीचंही कळेना. त्या घरांत सोफा बरोबर मधोमध, आणि सगळे एकाच बाजूला तोंड करून बसलेले. त्या बाजूची भिंत कधी दाखवायचेच नाहीत. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं राहिलो, आम्हाला चारही भिंती पाठ होत्या. नवरा बायकोपासून काहीतरी लपवायचा, तेवढ्यात शेजारीण यायची, मग सगळ्यांची धांदल. येणारीला चहा नको असायचा, करणारीला करायचा नसायचा, तरी चहा व्हायचा. आमच्या चाळीत हे रोज चालायचं, कोणी हसत नव्हतं. इथे मात्र मधूनच पुष्कळ माणसं एकदम हसायची, आणि त्यांच्या पाठोपाठ हा.

"हे कोण हसतंय?" मी नातीला विचारलं.

"प्रेक्षक, आजी."

"मग दाखवत का नाहीत?"

नातजावयाला थोडं मराठी येत होतं, ते तो जपून वापरायचा. म्हणाला, "आजी, माणसं असतात. दिसत नाहीत."

हे काय उत्तर झालं? मी नातीला म्हटलं, "हा अमेरिकेचा, ते विलायतेचे. याला स्वतःच्या देशातलं काही बघायला नाही का?"

"आजोबा मुंबईत राहून कोकणातला दशावतार करायचेच ना?"

मी टीव्हीकडे तोंड वळवलं. तो विषय मला आवडत नाही.

माझे मालक गिरणीत साच्यावर कापड विणायचे. पाळी संपली की गिरणीतल्या गाववाल्यांबरोबर दशावतारी नाटकं करायचे. स्त्री पार्ट करायचे, म्हणजे राणी, नाहीतर कोणा ऋषीची बायको. एकदा त्यांनी माझी लग्नातली हिरवी नऊवारी मागितली. मी म्हटलं, माझं लुगडं नेसून नाचायचं असेल तर परत घरात येऊ नका. त्यांनी शेजारणीचं नेलं. मी त्यांचं एकही नाटक बघितलं नाही. लोक सांगायचे, त्यांची राणी रानात निघाली की मंडपात बाया पदर डोळ्याला लावायच्या. मला लाज वाटायची. ते जाऊन बारा वर्षं झाली, ती हिरवी नऊवारीही फाटून गोधडीत गेली.

विलायतेच्या मालिकांतही पुरुष बाई होतात. पण ते मुद्दाम कुरूप होतात. छातीशी उशी, तोंडाला रंग, चिरका आवाज. तो आला रे आला की न दिसणारी माणसं पोट धरून हसतात. आमच्याकडे पुरुष बाई झाला की रडायचे, त्यांच्याकडे हसतात. बरोबर कोण, मला ठरवता येईना.

अडीच महिने झाले तरी बिल्डिंगमधले लोक नातजावयाशी पाहुण्यासारखे वागत होते. तो लिफ्टमध्ये शिरला की बोलणं बंद. त्याला ते लागलं होतं. जानेवारीत बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा असते, संध्याकाळी कार्यक्रम. त्यात यानं नाव दिलं. नात म्हणाली, "आजी, पुढच्या आठवड्यात आम्ही जाणार. त्याला एकदा तरी या लोकांना हसवायचंय. नाही हसले तर तो परत इथे यायचा नाही, मला माहितीये."

"करणार काय?"

"बाई होणार. घरात पाहुणे आलेत आणि दूध संपलंय, पण ते सांगायचं नाही. दहा वाक्यं मराठीत पाठ केलीत त्यानं. तुझं एखादं लुगडं दे ना."

"मिळणार नाही," मी म्हटलं. तोंडातून आपोआप आलं.

त्यानं चादर गुंडाळून, पोटाशी उशी बांधून चालून दाखवलं. बदकासारखं. नात हसली. मला राग आला.

"अशी चालते बाई? मी अशी चालते?"

"नाही, आजी," तो घाबरून म्हणाला.

"उशी काढ आधी. पाऊल लहान टाक. खांदे खाली. पदर मुठीत नाही धरायचा, दोन बोटांत धरायचा. आणि मान अशी, कोणी हाक मारली तरी आधी डोळे वळतात, मग मान."

नात माझ्याकडे बघत राहिली. "आजी, हे तुला कोणी शिकवलं?"

कोणी शिकवलं? मी काही जन्मभर आरशात बघून चालले नाही. खोलीत मालक डोक्यावर टॉवेल घेऊन सराव करायचे आणि मी त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायचे. पाठ करून एवढं दिसतं कसं, मला माहीत नाही. नातीला म्हटलं, "कपाटात तपकिरी नऊवारी आहे, ती आण."

पूजेच्या संध्याकाळी मीच त्याला नेसवलं. सहा फुटांचा माणूस, नऊ वार जेमतेम पुरले. कासोटा घट्ट घातला, केसांचा टोप लावला, कुंकू लावलं. माझ्याच वयाची मालवणी शेजारीण डोकावली. "काय गो, तुझो जावय नाचतलो काय?"

"जा, खुर्ची धर," मी म्हटलं. पिन सुटली तर लावायला म्हणून मी हॉलमधल्या स्टेजच्या पडद्याआड उभी राहिले.

तो बाहेर गेला. मी शिकवलं तस्सा चालला. एक-दोन पोरांनी शिट्टी मारली आणि तीही थांबली. तो मधोमध उभा राहिला, दोन बोटांत पदर धरला, आधी डोळे वळवले, मग मान. म्हणाला, "या ना, बसा. चहा घेणार ना?"

कोणी हसलं नाही.

त्यानं रिकामं पातेलं उचलून आत बघितलं, झाकलं. पुढचं वाक्य म्हटलं. समोर दीडशे माणसं, आणि सगळी नुसती बघत होती. पडद्याआडून मला त्याची मान दिसत होती, ती लाल होत चालली होती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की घोटाळा मी केला. त्याला हसायची बाई हवी होती, मी त्याला चांगली बाई करून पाठवली.

तो तिसरं वाक्य विसरला. पातेलं धरून उभा राहिला.

मग मी हसले. खोटं हसले. माझा आवाज मोठा आहे, चाळीत नळावर कमावलेला. पडद्याआडून तो हॉलभर गेला. त्यानं दचकून पातेल्याकडे बघितलं, जणू तेच हसलं. तेवढ्यानं पुढच्या रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं, मग पोरं, मग सगळेच. त्याला वाक्य आठवलं. दुधाच्या जागी पाणी, मग पाण्याच्या जागी तीर्थ, अशी त्याची धावाधाव चालली तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरचा एक जण त्याला म्हणाला, "काय वहिनी, दूध आहे ना घरात?"

"संपलं," हा म्हणाला. सगळी लिफ्ट हसली. घरी येऊन त्यानं मला ते तीनदा सांगितलं.

शेजारीण मात्र दुपारी आली आणि म्हणाली, "माका आधी हसाक येयना गो. तुझ्या घोवाची याद इली. तसोच चललो तो. आमी सगळी म्हातारी म्हणानच गप झालेली. आणि कोण ता मध्येच हसला?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाही. ती माणसं कंटाळून गप्प नव्हती म्हणे. मालकांच्या आठवणीनं गप्प असतील तर मी त्याला वाचवलं की त्या माणसांच्या आड आले? मालक खरंच तसेच चालायचे का, हेही मला विचारता आलं नाही. चाळीतल्या सगळ्यांनी बघितलं होतं, मी सोडून. आणि माझं खोटं हसणं पुढे खरं झालं का? मला आठवत नाही. पोट मात्र रात्रभर दुखत होतं.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं फोनवरचं शूटिंग मला दाखवलं. तपकिरी नऊवारीतला तो, हातात पातेलं, सगळीकडे शांतता. आणि मग कुठूनतरी म्हातारीचं हसणं.

त्यानं तेवढाच भाग पुन्हा लावला. कान देऊन ऐकला.

"आजी, हे कोण हसलं?"

"माणसं असतात," मी म्हटलं. "दिसत नाहीत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. आधी डोळे, मग मान. मी म्हटलं, लुगडं धुऊन ठेवलंय, हवं तर घेऊन जा.