गुरुवारी तीन वाजता लेडाचे वडील

तीन आठवड्यांपूर्वी माझा स्टीलचा डबा परत आला. घासूनपुसून लख्ख, पण रिकामा. लेडा माझा डबा कधी रिकामा पाठवत नसे; निदान चमचाभर साखर तरी घालून द्यायची, हे मीच तिला शिकवलं होतं. दारात तिची भाची उभी होती. "मंगळवारी गेली... झोपेतच," ती म्हणाली.

जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीत लेडा समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. मूळची एस्टोनियाची. २००२ साली मी मुलाकडे कायमची राहायला आले, तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! पुण्यात तीस वर्षं भूगोल शिकवलेला, त्यामुळे सगळं जग आपल्या पिशवीत असल्याचा थाट. तिनं देशाचं नाव सांगितल्यावर मी ठणकावलं, "असा देशच नाही." माझ्या वर्गातल्या नकाशावर तिथे सोव्हिएत रशिया होता, सलग गुलाबी. लेडा शांतपणे म्हणाली, "त्या गुलाबी रंगाखाली आम्ही होतो."

आमची मैत्री जमवली ती व्हीसीआरनं. तिचा चुलतभाऊ तिकडून एस्टोनियाच्या इतिहासावरचे माहितीपट आणि टीव्ही मालिका टेप करून पाठवायचा, पण तिकडची टेपांची पद्धतच वेगळी, त्या अमेरिकन व्हीसीआरवर चालत नसत. आपल्या नाटकांच्याही चालत नाहीत, म्हणून मी पुण्याहून सगळीकडच्या टेपा चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर मांडीवर घेऊन आले होते, तान्ह्या बाळासारखा. "आई, आता सगळं डीव्हीडीवर मिळतं हो," सून म्हणाली होती. मिळेना का! दर गुरुवारी तीन वाजता लेडा टेप घेऊन यायची आणि पडद्यावर काय चाललंय ते मला इंग्रजीत सांगायची. शेवटी नावांची यादी सुरू झाली, की मी चहा टाकायला उठायचे.

एका माहितीपटात लोकांना मालगाडीत भरून सैबेरियाला नेत होते. टोपीवाला एक माणूस चढता चढता मान वळवून मागे बघतो... लेडानं माझा हात घट्ट धरला. ती सहा वर्षांची असताना तिच्या वडिलांना असंच नेलं होतं. ते परतले नाहीत. देश सोडून पळताना आईला एकही फोटो घेता आला नव्हता आणि लेडाला त्यांचा चेहरा आठवत नव्हता. "हे असतील?" तिनं विचारलं. मी बघितलं न बघितलं आणि निकाल देऊन मोकळी झाले, "असतील काय, आहेतच! नाक बघ, अगदी तुझंच." त्या दिवशी टेप संपून चहा झाल्यावर, टेप मागे नेऊन नेऊन त्या माणसाला आम्ही अकरा वेळा गाडीत चढवलं.

वर्षभरानं एका मालिकेची टेप आली. बुधवारीच लेडा ती माझ्याकडे ठेवून गेली. जरा लावून बघते तर काय, तोच टोपीवाला बाजारात मासे विकतोय, वर गाणंही म्हणतोय! नट होता मेला. माहितीपटातला तो प्रसंग नटांकडून करवून घेतलेला होता. मी टेप पोह्यांच्या डब्यामागे दडवली आणि व्हीसीआरनं टेप खाल्ली, असं लेडाला धडधडीत खोटं सांगितलं. अगदी बेमालूम जमलं, अशी माझी समजूत.

चार-पाच वर्षं ते गुपित मी सांभाळलं. गेल्या हिवाळ्यात लेडा आजारातून जरा उठली होती, माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. तिच्यासाठी पोहे करायला डबा ओढला आणि टेप पडली ती नेमकी तिच्या पुढ्यात. मी त-त-प-प करू लागले. लेडा खोकला येईपर्यंत हसली.

"सुधा, शेवटची यादी माझ्या भाषेत असते. तू चहाला उठायचीस, मी वाचायचे. तो नट आहे, हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं."

"मग अकरा वेळा बघितलंस ते कशाला, बाई?"

"माझं नाक वडिलांसारखं आहे, असं मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारं उरलं होतं कोण?"

मग आम्ही ती टेप लावली आणि वडिलांना मासे विकताना पोटभर बघून घेतलं. "गळा मात्र बरा नाही," असा लेडाचा शेरा.

आता तो व्हीसीआर घरात कुणालाच नकोय. "आजी, इट्स जंक," नात म्हणते. असेल. काल गुरुवार होता. तीन वाजता मी माझ्याकडेच राहिलेली ती मालगाडीची टेप लावली. टोपीवाल्यानं मान वळवली. शेवटी यादी आली, तेव्हा मी चहाला उठले नाही. एकही शब्द कळत नव्हता, तरी खालपर्यंत वाचली.

आणि नाक... नाक लेडाचंच आहे.