विलायती डब्यातले धोंडबा

प्रेमानंदने टॉकीजमध्ये चाळीस वर्षं प्रोजेक्टर चालवला, पण वाडीत त्याची ओळख निराळी. त्याच्या आजोबांनी, धोंडबांनी, मुक्या सिनेमाच्या जमान्यात एका देशी चित्रपटात राजाचं काम केलं, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. कुणी पुरावा मागितला, की म्हणायचा, "रीळ होतं ना गा, चोरीले गेलं."

कसली चोरी अन् कसलं काय. धोंडबा एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत नोकरीला होते. मरताना रिळांचे दोन डबे मागे ठेवून गेले. एकावर अमेरिकन कंपनीचं नाव, दुसऱ्यावर मराठी चिठ्ठी. वाडीत भाड्याची खोली घेतली तेव्हा प्रेमानंदची बायको प्रेमिला म्हणाली, "एकच डबा राहीन घरात. लय वास मारून राहिला." मग या पठ्ठ्यानं कोणता ठेवावा? विलायती! विलायती माल, कधी तरी कामी येईल. मराठी चिठ्ठीचा डबा भंगारवाल्याकडे गेला, आणि आजोबांचं रीळ त्यात नव्हतंच, ते आधीच चोरीला गेलं होतं, असं बायकोसकट सगळ्यांना सांगण्यात आलं. आजोबांचा एकुलता एक पुरावा आपण स्वतःच्या हातानं घालवला, हे तीस वर्षं त्याला आतून खात होतं.

यंदा पुण्याच्या एका चित्रपट-संग्रहातून वैभवी नावाची मुलगी जुनी रिळं शोधत आली. प्रेमानंदनं मोठ्या ऐटीत गंजून गच्च झालेला विलायती डबा दिला. चार महिन्यांनी ती लॅपटॉप घेऊन परत आली.

"काका, आत देशी चित्रपट निघाला," ती म्हणाली. "तेव्हा तंबूत बहुतेक खेळ परदेशीच. देशी रिळाला स्वतःचा डबा कुठला? तुमच्या तंबूवाल्यानं ते विलायतीच्या रिकाम्या डब्यात घातलं. आणि लोक यावेत म्हणून परदेशी खेळांच्या डब्यांवर मराठी नावं डकवली. त्याचे आणखी तीन डबे मिळालेत, सगळीकडे हाच घोळ."

म्हणजे भंगारात गेला तो गोरा साहेब. आजोबा तीस वर्षं घरातच होते.

पडद्यावर राजा आला. राजा कुणी भलताच. त्याच्यामागे भाला धरून एक किडकिडीत पहारेकरी उभा होता आणि चोरून कॅमेऱ्याकडे बघत होता.

"अवो, हे तं तुमीच," प्रेमिला म्हणाली. नाक तेच, कानही तेच. प्रेमानंदला इतका आनंद झाला, की राजेपद गेल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

वैभवीनं वही काढली. "प्रदर्शनाच्या भिंतीवर तुमचे दोन शब्द लावू. इतकी वर्षं आजोबांना का जपलंत?"

छान काही तरी सांगता आलं असतं. प्रेमिला कौतुकानं बघत होती. पहारेकरीही बघत होता.

"लिवा," प्रेमानंद म्हणाला, "माह्या मतानं म्या आजोबाले भंगारात देल्लं होतं. घरात राहिले ते गोरे समजून."

वैभवीचा पेन तिथंच थांबला. प्रेमिलानं लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. "आता आजोबा माह्यापाशी राहतीन."